अवकाशयान कसें मोडतें?

दिवेलागणीच्या सुमारास आमच्या घराच्या माडीवर नित्य एक युद्ध होत असतें. शंख नाहीं, दुंदुभि नाहीं; परंतु एकाएकीं धडाड् असा आवाज होतो आणि खालीं देवघरांत जपास बसलेल्या आमच्या वहिनी माळ थांबवून म्हणतात, "पडलें वाटतें आणखी एक!" पडलेलें कांहींच नसतें. आमचा बारा वर्षांचा नातू संगणकावर खेळत असतो, आणि कोठल्याशा परक्या सूर्यमालेंत एखादें अवकाशयान नारिंगी ज्वाळेचा गोळा होऊन नाहींसें झालेलें असतें.

गेल्या महिन्यांत या आवाजावरून घरांत वाद निघाला. आमचे थोरले बंधु म्हणाले कीं हा विध्वंसाचा अभ्यास आहे, यंत्राला कुलूप घालावें. आमचे चिरंजीव म्हणाले कीं त्याच्या वर्गांतील सगळींच मुलें हें खेळतात, एकट्यालाच बंदी कां? वहिनींनीं कोणाचीच बाजू घेतली नाहीं. त्यांनीं नातवाला एवढेंच विचारलें, "कां रे, त्या विमानांत माणसें असतात का?" नातू गोंधळला. त्या सायंकाळीं त्यानें एकोणीस यानें फोडलीं होतीं. हा आंकडा पडद्यावर लिहिलेला होता. आंत कोण होतें हें मात्र कोठेंच लिहिलेलें नव्हतें.

निवाडा आमच्याकडे आला. पेपर न वाचतां गुण देण्याची संवय आम्हीं शाळेंत असतांनाही लावून घेतली नाहीं. म्हणून आठ दिवस सायंकाळीं माडीवर जाऊन आम्ही नातवाच्या शेजारीं बसलों. त्या आठ दिवसांत जें पाहिलें, आणि त्या निमित्तानें जें वाचलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिल्याच दिवशीं आम्हीं विचारलें, "हा धडाका तुला ऐकूं आला कसा? फुटलेलें यान दहा कोसांवर. मध्यें काय आहे?"

"कांहीं नाहीं. पोकळी."

"मग आवाज आला कशांतून?"

तो थोडा थांबून म्हणाला, "आबा, आवाज नसला तर फुटल्यासारखें वाटतच नाहीं."

उत्तर प्रामाणिक होतें, आणि त्याचा विचार आम्ही पुढें करणार आहों. तूर्त आम्हांस आमचीच गंमत वाटली. तरुणपणीं तर्कसंग्रह घोकतांना अन्नंभट्टापासून आम्ही शिकलों कीं शब्द हा आकाशाचा गुण. आणि आतां त्याच आकाशांत शब्द मुळींच संभवत नाहीं असें आम्ही नातवास सांगत होतों! (नैयायिकांचें आकाश म्हणजे ग्रहताऱ्यांमधील पोकळी नव्हे, तें सर्वव्यापी द्रव्य निराळें, तेव्हां शास्त्रीमंडळींनीं आमच्यावर रागावूं नये.) आवाज म्हणजे कोणत्या तरी पदार्थाचें थरथरणें. हवा असो, पाणी असो, लोखंडाचा रूळ असो, कांहींतरी हललें पाहिजे. जेथें हलावयास कांहींच नाहीं तेथें पर्वत फुटला तरी शेजारच्याला जाग येणार नाहीं.

आवाजाचीच गोष्ट काय, ज्वाळेचीही तीच. पृथ्वीवर सुरुंग उडाला म्हणजे तापलेला वायु भोंवतालच्या हवेला ढकलतो. तो हवेचा धक्काच भिंती पाडतो आणि माणसें मारतो. तापलेली हवा हलकी म्हणून वर चढते, तिच्यामागून धूर गुंडाळत जातो, आणि आपणांस परिचित असलेला तो उसळता ढग तयार होतो. पोकळींत यांपैकीं एकही गोष्ट घडत नाहीं. तेथें वर आणि खालीं असा भेद नाहीं, धूर अडविणारी हवा नाहीं. वायु सर्व दिशांस सारखा पसरतो, क्षणभर चमकतो आणि विरळ होत होत दिसेनासा होतो. यानाचे तुकडे ज्या वेगानें निघाले त्याच वेगानें जात राहतात. ते मंद होऊन पडद्याच्या कडेशीं तरंगत थांबत नाहींत.

हें केवळ तर्कानें सांगितलेलें नाहीं. १९६२ च्या ९ जुलै रोजीं अमेरिकेनें पॅसिफिक महासागरांतील जॉन्स्टन बेटाच्या परिसरांत, सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर, १४ लक्ष टन टीएनटीच्या तोडीचा अणुस्फोट घडवून आणला. 'स्टारफिश प्राइम' हें त्याचें नांव. छत्रीसारखा ढग तेथें उसळला नाहीं. आकाशांत रंगीत प्रभा पसरली. सुमारें १४०० किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांवर रस्त्यांवरील कांहीं दिवे विझले. आणि पुढें कांहीं उपग्रह त्या किरणोत्सर्गानें निकामी झाले. दूरवर जो धक्का पोंचला तो हवेचा नव्हता, विद्युच्चुंबकीय होता.

योगायोग असा कीं, अवकाशयानें फोडण्याचा पहिला प्रसिद्ध खेळही त्याच १९६२ सालचा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत स्टीव्ह रसेल व त्याचे सोबती यांनीं पीडीपी-१ नांवाच्या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. दोन यानें, एक सुईसारखें व एक पाचरीसारखें. आणि मध्यें त्यांना ओढून घेणारा तारा. यान एकदां ढकललें कीं जातच राहतें, थांबवावयाचें तर उलट जोर लावावा लागतो, हा न्यूटनचा नियम त्या खेळांत बरोबर पाळलेला होता. टॉर्पेडोंना मात्र ताऱ्याची ओढ लागत नसे. तेवढा हिशेब त्या यंत्राला झेपत नव्हता. यान फुटलें कीं कांहीं प्रकाशबिंदु विखुरत आणि विझत. आमच्या मतें, पोकळींतील स्फोटाचें इतकें साधें आणि इतकें खरें चित्र पुढें फार थोड्या खेळांनीं काढलें.

१९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकाडो यानें केलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळांत यान एका घावांत नष्ट होतें. परंतु त्याच्या आड असणाऱ्या तटबंदीचा एकेक कण गोळीसरशीं झडत जातो, आणि तो खेळणाऱ्याच्या स्वतःच्या गोळ्यांनींही झडतो. घाव कोठें बसला याची खूण मागें राहते, ही मोठीच गोष्ट होती. पुढच्या वर्षीं आलेल्या 'अॅस्टरॉइड्स'मध्यें यान म्हणजे चारदोन रेघांची आकृति; तें मोडलें कीं त्याच रेघा सुट्या होऊन वाहत जातात. ज्वाळा नाहींत, धूर नाहीं.

ज्वाळा आल्या त्या चित्रपटाच्या मार्गानें. १९८२ सालच्या दुसऱ्या 'स्टार ट्रेक' चित्रपटांत एका निर्जीव ग्रहावर आगीची भिंत पसरत जाते असें दृश्य आहे. तें लुकासफिल्म कंपनींतील विल्यम रीव्ह्ज यानें संगणकावर तयार केलें. आग ही एक वस्तु न मानतां हजारों कणांचा समूह मानावा; प्रत्येक कणास जन्मवेळ, वेग, रंग आणि आयुष्य नेमून द्यावें; आयुष्य संपलें कीं तो कण पुसून टाकावा, ही त्याची युक्ति. आमच्या माडीवर जो भडका उडतो तो याच युक्तीचा वंशज. युक्ति उत्तम आहे. पोकळींतील कणही तिनें बिनचूक दाखवितां येतील. परंतु खेळ रचणाऱ्यांस पृथ्वीवरील आगीचा मोह पडला. पुढें १९९१ सालीं सहाव्या स्टार ट्रेक चित्रपटांत फुटलेल्या चंद्रापासून तबकडीसारखें सपाट वलय पसरलेलें दाखविलें, १९९७ सालीं 'स्टार वॉर्स'च्या नव्या आवृत्तींत तसेंच वलय घालण्यांत आलें, आणि खेळांतूनही तें जिकडे तिकडे दिसूं लागलें. मोकळ्या पोकळींत फुटणाऱ्या पदार्थानें एकाच पातळींत पसरावें याला कांहीं विशेष कारण असावें लागतें. तें कोणी सांगत नाहीं.

१९९९ सालच्या 'फ्रीस्पेस २' या खेळाचें मात्र आम्हांस कौतुक वाटलें. त्यांतील प्रचंड युद्धनौकांचीं इंजिनें निराळीं मोडतां येतात, तोफा निराळ्या. इंजिनें गेलीं कीं नौका जागच्या जागीं पांगळी होते. शेवटीं ती मधून दुभंगते. तें पाहून आम्हांस वनपर्वांतील शाल्वाचें सौभ आठवलें. श्रीकृष्णाच्या चक्रानें तें आकाशगामी नगर करवतीनें लांकूड चिरावें तसें दोन ठिकाणीं झालें असें तेथें वर्णन आहे. नातवाला ही कथा ठाऊक नव्हती. ती सांगून होईपर्यंत त्यानें खेळ थांबवून ठेविला, हें येथें नमूद करावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

एवढ्या अवधींत आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली, आणि बंधूंच्या आक्षेपापेक्षां तीच आम्हांस अधिक गंभीर वाटते. बहुतेक खेळांत यानाला एक आंकडा चिकटविलेला असतो. मुलें त्याला हेल्थ म्हणतात. शंभरांचा एक होईपर्यंत यान पहिल्यासारखेंच धांवतें, वळतें, तोफा डागतें. आणि एकाचें शून्य झालें कीं तत्क्षणीं त्याचा गोळा होतो. म्हणजे धडधाकट आणि नाहींसें या दोनच अवस्था. मोडलेलें यान ही वस्तुच त्या जगांत नाहीं. वहिनींच्या प्रश्नाला नातवाजवळ उत्तर नव्हतें तें यामुळेंच. आंतील माणसांवर कांहीं ओढवावयास मधला वेळच शिल्लक नसतो.

खरें यान कसें मोडतें तें पाहावयाचें असेल तर अपोलो १३ ची हकीकत वाचावी. १९७० च्या ११ एप्रिल रोजीं हें यान चंद्राकडे निघालें. लॉव्हेल, स्विगर्ट व हेझ असे तिघे आंत होते. अमेरिकन कालमानानें १३ तारखेच्या रात्रीं, पृथ्वीपासून सुमारें ३ लक्ष २० हजार किलोमीटर अंतरावर, प्राणवायूची दुसऱ्या क्रमांकाची टांकी फुटली. मूळ कारण अगदीं क्षुल्लक. टांकींतील उष्णतेवर नियंत्रण ठेवणारी कळ २८ व्होल्टांसाठीं केलेली होती. उड्डाणापूर्वींच्या तयारींत तिला ६५ व्होल्टांचा दाब मिळाला. ती चिकटून बसली, टांकी प्रमाणाबाहेर तापली, आणि तारांवरील टेफ्लॉनचें आवरण करपलें. पुढें प्रवासांत टांकींतील पंखा सुरू करतांच ठिणगी पडली.

तिघांनींही दणका ऐकला, कारण तो यानाच्या धातूंतून त्यांच्यापर्यंत पोंचला. बाहेर कोणी असता तर त्याला कांहीं ऐकूं आलें नसतें. नारिंगी गोळा झाला नाहीं, यानाचे तुकडे तुकडे झाले नाहींत. सुमारें तेरा मिनिटांनीं लॉव्हेलनें खिडकींतून पाहिलें तों कसला तरी वायु बाहेर अवकाशांत वाहत होता; तो त्यांचा प्राणवायु होता. त्या वायूचाच उलट धक्का यानाला बसून तें डगमगत होतें. प्राणवायु जाऊं लागला म्हणून वीज जाऊं लागली, कारण वीज त्याच वायूपासून होत असे. वीज गेली म्हणजे ऊब गेली, पाणी गेलें. ते तिघे चंद्रावर उतरण्यासाठीं नेलेल्या दुसऱ्या लहान यानांत जाऊन राहिले, आणि थंडींत कुडकुडत १७ तारखेस परत आले. उतरण्यापूर्वीं मोडका भाग सोडून दिला तेव्हां कोठें तो त्यांच्या दृष्टीस पडला. एका बाजूची सबंध पट्टी उडून गेलेली होती. म्हणजे आपलें यान किती मोडलें आहे हें चार दिवस त्यांना स्वतःलाच दिसलेलें नव्हतें.

दुसरें उदाहरण १९९७ च्या २५ जूनचें. रशियाच्या 'मीर' या अवकाशस्थानकावर सामान वाहणारें एक 'प्रोग्रेस' यान आदळलें आणि स्थानकाच्या 'स्पेक्टर' नांवाच्या दालनाला भोंक पडलें. आंतील लोकांच्या कानांत दडे बसले, त्यावरून हवा चालली हें कळलें. दालनाचें दार लावावें तर त्यांतून विजेच्या तारा गेलेल्या; त्या भराभर तोडल्या, आणि दाराला झांकण बसविलें. हवा राहिली, परंतु त्या दालनाच्या पंखांपासून मिळणारी वीज गेली, आणि सबंध स्थानक अंधारांत गिरक्या घेऊं लागलें. मायकेल फोल या अमेरिकन अंतराळवीरानें खिडकींतून ताऱ्यांसमोर अंगठा धरून गिरकीचा वेग अजमावला, आणि स्थानकास जोडलेल्या सोयूझ यानाचीं इंजिनें चालवून त्यांनीं तें सूर्याकडे वळविलें. आम्हीं हें सांगितलें तेव्हां नातवानें आपला अंगठा डोळ्यासमोर धरून पाहिला.

मोठ्या वेगाची टक्कर झाली तर यान तुकडे तुकडे होतें हें खरें. मात्र त्याला स्फोटक द्रव्य लागत नाहीं. सेकंदास ३ किलोमीटर वेगानें जाणाऱ्या वस्तूंत तिच्या वजनाइतक्या टीएनटीएवढी ऊर्जा असते. २००९ च्या १० फेब्रुवारीस सायबेरियाच्या वर एक चालू अमेरिकन उपग्रह व एक निकामी रशियन उपग्रह यांची टक्कर झाली, तेव्हां वेग सेकंदास ११ किलोमीटरांहून अधिक होता. मागोवा घेतां येण्याजोगे दोन हजारांवर तुकडे झाले. त्याहून लहान गोष्ट म्हणजे १९८३ सालीं 'चॅलेंजर' यानाच्या खिडकीला रंगाच्या एका कपच्यानें पाडलेला खड्डा. कपचा मिलिमीटरच्या पंचमांशाएवढा, परंतु उड्डाणानंतर खिडकीच बदलावी लागली. अशा माऱ्यापासून रक्षण करण्याची युक्ति फ्रेड व्हिपल या ज्योतिर्विदानें पहिला उपग्रह उडण्याच्या आधींच सुचविली होती: मुख्य भिंतीपुढें थोडें अंतर सोडून एक पातळ पत्रा लावावा, म्हणजे आदळणाऱ्या कणाचाच चुरा होऊन त्याचा मारा विस्तृत जागेवर विभागला जातो. २०१६ सालीं आलेल्या 'चिल्ड्रन ऑफ अ डेड अर्थ' या खेळांत असे पत्रे आणि उष्णता बाहेर टाकणारे पंख हीं दोन्ही आहेत, असें आमच्या वाचनांत आलें.

आतां नातवाच्या उत्तराकडे वळूं. आवाज नसला तर फुटल्यासारखें वाटत नाहीं, हें त्याचें म्हणणें आम्ही फेटाळीत नाहीं. खेळ हें पदार्थविज्ञानाचें पुस्तक नव्हे. पाहणाऱ्याच्या मनांत भाव उठविणें हें त्याचें काम आहे. रंगभूमीवरील पात्र स्वगत बोलतें तें शेजारच्या पात्रास ऐकूं येत नाहीं, हें आपण मुकाट्यानें मान्य करतोंच. तेव्हां स्फोटाचा आवाज खोटा असला तर आम्ही त्याचे गुण कापणार नाहीं. मोडतोड खोटी असूं नये, एवढाच आमचा आग्रह.

धनंजयानें दशरूपकांत युद्ध आणि वध रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवूं नयेत असें सांगितलें आहे. भासाच्या नांवावर असलेल्या ऊरुभंगांत पाहा. गदायुद्ध दिसतच नाहीं. तीन सैनिक त्याचें वर्णन करून जातात. दिसतो तो मांड्या मोडल्यानंतर सरपटत येणारा दुर्योधन. आणि त्याचा लहानगा दुर्जय नेहमींप्रमाणें बापाच्या मांडीवर बसूं पाहतो, तेव्हां बापाला त्याला नको म्हणावें लागतें. मरण तेवढें तेथें प्रेक्षकांसमोर येतें, नियमाच्या विरुद्ध. घाव झांकला आणि घावाचा परिणाम उघडा ठेविला. आमच्या माडीवरील खेळांत याच्या नेमकें उलट चालतें.

अपवाद आहेत. २०१४ सालच्या 'एलिट डेंजरस' या खेळांत मारा फार झाला कीं चालकासमोरील कांचेला तडे जातात, आणि ती फुटली म्हणजे एकाएकीं आवाज दबतात, कांचेवर उमटणारी माहिती नाहींशी होते, आणि उरलेल्या हवेचीं मिनिटें मोजीत जवळचें बंदर गांठावें लागतें. नातू म्हणाला कीं त्या वेळीं तो स्वतःही श्वास धरून बसतो.

दुसरा अपवाद मेक्सिकोंतील एका मंडळीनें केलेला 'केर्बल स्पेस प्रोग्रॅम'. हा २०११ सालीं प्रथम लोकांपुढें आला. यांत शत्रु नाहीं, तोफा नाहींत. यान स्वतः जोडावयाचें. प्रत्येक भाग किती वेगाची टक्कर सोसेल, किती उष्णता सोसेल हें ठरलेलें. चुकलें कीं जेथें कमजोर सांधा तेथें यान तुटतें. भडका येथेंही नारिंगीच उडतो. परंतु उरलेला भाग उरतो, आणि त्यांतील हिरवीं बुटकीं माणसें खिडकींतून दिसतात.

आम्हीं निवाडा दिला तो असा: कुलूप घालूं नये, यानें फोडण्याचा खेळ सुट्टीच्या दिवशींच, या दुसऱ्या खेळास आडकाठी नाहीं. बंधूंचें समाधान झालेलें नाहीं. ते म्हणतात कीं आम्ही आठ दिवसांत फितूर झालों. असेलही.

परवां सायंकाळीं नातवाचें यान दुसऱ्या यानाशीं जोडतांना आदळलें आणि त्याचें इंजिन तुटून गेलें. उरली ती तिघेजण बसलेली कुपी आणि तिची हवाई छत्री. हवा लागली तर ती आपोआप उतरली असती. परंतु त्या खेळांतील ग्रहाची हवा ७० किलोमीटरांवर संपते, आणि कुपीच्या कक्षेचा सर्वांत खालचा बिंदु ७४ वर होता. नव्यानें सुरुवात करण्याची कळ समोरच होती. नातवानें ती दाबली नाहीं. त्यानें एका माणसाला बाहेर काढलें, आणि कक्षेच्या सर्वांत दूरच्या टोकाला कुपीच्या पुढच्या बाजूस नेऊन पाठीवरच्या यंत्राच्या जोरावर ती उलट्या दिशेनें ढकलावयास लावलें. उतरावयाचें तर खालीं ढकलून चालत नाहीं, वेग कमी करावा लागतो, हें त्यानेंच आम्हांस समजावून दिलें. माणूस मुंगीएवढा, कुपी घागरीएवढी. तो घसरे, लांब जाई, पुन्हां येऊन डोकें टेकून ढकलूं लागे. ७४ चे ७३ झाले.

खालून वहिनींची हांक आली. पानें वाढलीं होतीं. दुसरी हांक आली. बंधूंचा खांकरण्याचा आवाजही आला. शेवटीं आम्हींच जिन्यापाशीं जाऊन सांगितलें कीं आंत तिघेजण आहेत, थोडें थांबावें. वहिनी म्हणाल्या, "बरें, वरण पुन्हां ऊन करतें." आम्ही परत येऊन बसलों तेव्हां आंकडा ७१ वर आला होता.